गोव्यांतील नवख्रिस्ती वैद्यांवरील खटले आणि साक्षीदारांच्या नांवांचा प्रश्न

गोव्याच्या इन्क्विझिशनचा इतिहास आपल्याकडे बहुधा हिंदु प्रजेच्या छळाच्या अंगानें लिहिला गेला आहे. आणि गोमंतकांतून व वसई प्रांतांतून परागंदा झालेल्या घराण्यांच्या आठवणी पाहतां तें स्वाभाविकहि आहे. परंतु ही संस्था गोव्यांत आणावी असें जेव्हां प्रथम सुचविण्यांत आलें तेव्हां डोळ्यांपुढें मुख्यतः हिंदु नव्हते. पोर्तुगालांतून आलेले 'नवख्रिस्ती', म्हणजे एक-दोन पिढ्यांपूर्वीं सक्तीनें बाप्तिस्मा दिलेले यहुदी, हें तिचें पहिलें लक्ष्य होतें. परमुलखांतून आलेल्या ह्या जमातीवर गोव्यांत जे आळ आले त्यांतील दोन ठळक आरोपी वैद्य होते. एक जेरोनिमु दियश, त्याला इ. स. १५४३ त गोवें शहरांत देहांत शासन झालें. दुसरा गार्सिया द ओर्ता. मुंबई बेट खंडानें धारण करणारा, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही आणि गोव्यांत छापलेल्या सुप्रसिद्ध औषधिग्रंथाचा कर्ता. त्याच्यावरील निकालाची अंमलबजावणी झाली ती तो मेल्यावर बारा वर्षांनीं.

हे वैद्य खरोखर गुप्त यहुदी होते कीं नव्हते, हाच प्रश्न आजवर बहुतेकांनीं चघळला आहे. प्रस्तुत लेखकास त्याच्या आधींचा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या रीतीनें ही चौकशी होई त्या रीतीनें तो पहिला प्रश्न सुटण्यासारखा होता काय? आरोपींच्या जमातीचें म्हणणें तो सुटण्यासारखा नव्हता असें होतें. आणि तें म्हणणें ती जमात सुमारें दीडशें वर्षें रोमच्या दरबारांत मांडीत राहिली. तिनें वेळोवेळीं पैसे मोजून क्षमापत्रें मिळविलीं हें खरें. तथापि तिच्या अर्जांचा गाभा दयेची याचना हा नाहीं. कोणीं सांगितलें तें कळूं द्या, एवढीच ती मागणी आहे.

मूळ हकीकत थोडक्यांत अशी. इ. स. १४९२ त स्पेनच्या राजाराणीनें यहुद्यांस देशाबाहेर घालविलें तेव्हां हजारों कुटुंबें सरहद्द ओलांडून पोर्तुगालांत आलीं. ओर्ताचे आईबाप त्यांतलेच. बाप वालेन्सिया द आल्कान्तरा येथला, आई आल्बुर्केर्के येथली. मुलाचा जन्म सरहद्दीलगतच्या काश्तेलु द व्हीद गांवीं १५०० च्या सुमारास झाला. पण पोर्तुगालांतहि ह्या लोकांस स्वस्थता लाभली नाहीं. राजा मानुएल यानें डिसेंबर १४९६ त हद्दपारीचा हुकूम काढला, आणि पुढच्याच वर्षीं जाऊं पाहणाऱ्यांस जाऊं न देतां बळजबरीनें ख्रिस्ती केलें. लगोलग ३० मे १४९७ रोजीं त्यानें ह्या नव्या ख्रिस्त्यांस एक अभयपत्र दिलें. वीस वर्षेंपर्यंत त्यांच्या धर्माचरणाची चौकशी होऊं नये. त्यानंतर कोणी फिर्याद केलीच तर ती गुन्हा घडल्यापासून वीस दिवसांचे आंत केलेली असावी व तिचा निवाडा राजाच्या साध्या न्यायालयांच्या रीतीनें व्हावा. मालमत्ता जप्त झाली तर ती ख्रिस्ती वारसांस मिळावी. ह्याच अभयपत्रांत एक कलम केवळ वैद्यांविषयीं आहे. ज्या वैद्यांस व शस्त्रवैद्यांस लॅटिन येत नसेल त्यांनीं वैद्यकाचे हिब्रू ग्रंथ बाळगण्यास हरकत नाहीं, असें तें आहे.

कलम लहान असलें तरी बोलकें आहे. वैद्याच्या घरांत हिब्रू पोथी सांपडली कीं तोच त्याच्यावर पुरावा, हें कलम लिहिणाराच्या ध्यानांत होतें. त्याखेरीज अशी सवलत कोणी मागितलीहि नसती व दिलीहि नसती. पोथ्या जमविणाऱ्या आमच्या वाचकांस ह्यांतील भीति सांगावयास नको.

अभयाची मुदत पुढें १५१२ त वाढविण्यांत आली ती १५३४ पर्यंत. ओर्ता हा सालामांका व आल्काला येथें शिकून परत आला होता, त्यानें कांहीं वर्षें गांवीं वैद्यकी केली होती व नंतर लिस्बनच्या विद्यापीठांत तो शिकवीतहि होता. तो १२ मार्च १५३४ रोजीं मार्तीं आफोन्सु द सोझ याच्या आरमाराबरोबर त्याचा वैद्य म्हणून निघाला व सप्टेंबरांत गोव्यास पोहोंचला. मुदत संपण्याचें वर्ष आणि जहाजावर चढण्याचें वर्ष एकच. ह्यावरून तो पळून आला असें कित्येकांनीं ठरविलें आहे. तसा पुरावा नाहीं. पण योगायोग नजरेआड करण्यासारखाहि नाहीं.

आतां रोमकडे वळूं. राजा तिसरा जुवांव यानें स्पेनच्या धर्तीचें इन्क्विझिशन मागून घेतलें व १७ डिसेंबर १५३१ रोजीं पोप सातवा क्लेमेंट यानें तें दिलें. नवख्रिस्त्यांनीं ताबडतोब दुआर्ति द पाझ नांवाचा आपला वकील रोमला पाठविला. हा मनुष्य मोठा खटपटी, पण भरंवशाचा नव्हता. पुढें तो जमातीवरच उलटला. त्याच्यावर रोममध्यें मारेकरीहि घालण्यांत आले व त्यांतून तो वांचला. त्याच्या खटपटीनें १५३२ च्या ऑक्टोबरांत पोपनें आपलें आज्ञापत्र तहकूब केलें व ७ एप्रिल १५३३ रोजीं सार्वत्रिक क्षमा जाहीर केली. अखेर तिसरा पॉल यानें २३ मे १५३६ रोजीं संस्था पुन्हा स्थापिली ती दोन अटींवर. पहिलीं तीन वर्षें चोरी व खून ह्यांच्या खटल्यांस लागू असणारी साध्या न्यायालयांची रीति पाळावी. आणि दहा वर्षें दोषी ठरलेल्यांची मालमत्ता जप्त न होतां वारसांकडे जावी. हीच ती जमातीची खरी कमाई. साध्या न्यायालयांत साक्षीदाराचें नांव आरोपीस कळे. तो समोर उभा राही. त्याचें वैर दाखवितां येई.

मुदती संपल्या. १५४४ त नवख्रिस्त्यांनीं पोपकडे एक विस्तृत कैफियत पाठविली व तीसोबत जुलमाचीं उदाहरणें कागदपत्रांनिशीं जोडलीं. एर्कुलानु ह्या इतिहासकारानें पोर्तुगीज इन्क्विझिशनच्या उगमाचा आपला ग्रंथ १८५४ पासून पुढें प्रसिद्ध केला तेव्हां रोमहून नकलून आणलेल्या व लिस्बनच्या आजुदा राजग्रंथालयांत असलेल्या 'सिम्मिक्ता लुझितानिका' नांवाच्या बाडांचा त्यानें फार उपयोग केला. नकलांचें मोल मूळ कागदापेक्षां कमी मानणाऱ्या संग्राहकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, ह्या जमातीचें स्वतःचें म्हणणें आपल्यापर्यंत आलें त्यांत अशा नकलांचा वाटा मोठा आहे. इतकें लिहूनहि जुलै १५४७ त पोपनें इन्क्विझिशनला पूर्ण अधिकार दिले, व साक्षीदारांचीं नांवें गुप्त ठेवण्याची रीति कायमची झाली.

ह्या गुप्ततेची शास्त्रीय उपपत्ति पाहण्याजोगी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस पोप आठवा बोनिफेस यानें अशी मुभा दिली होती कीं, आरोपी बलाढ्य असून साक्षीदारांच्या जिवास धोका असेल तर त्यांचीं नांवें सांगूं नयेत. अपवादासाठीं केलेला हा नियम. परंतु इन्क्विझिशनच्या हातांत तो सरसकट झाला. कोंकणपट्टींतील एखादी विधवा आणि लिस्बनचा कोट्यधीश सावकार दोघेंहि सारखींच 'बलाढ्य' ठरलीं.

मग आरोपीनें बचाव करावा कसा? त्याला एक वकील मिळे, पण तो संस्थेनेंच नेमलेला. आणि साक्षींचे मूळ कागद त्यालाहि दाखवीत नसत. आरोपीस साक्षींचा गोषवारा वाचून दाखवीत, त्यांत मनुष्याचें नांव गाळलेलें असे व स्थळकाळ मोघम असे. 'एका इसमानें अमुक सुमारास तुला अमुक बोलतांना ऐकलें.' यानंतर आरोपीनें 'कोंत्रादीताश' म्हणजे प्रतिवादाचा कागद सादर करावयाचा. त्यांत आपले सर्व वैरी व वैराचें कारण लिहावयाचें. ज्यानें साक्ष दिली त्याचें नांव त्या यादींत नेमकें आलें तर ती साक्ष हलकी पडे. न आलें तर ती तशीच उभी. म्हणजे बचाव हा तर्काचा खेळ झाला, आणि त्या खेळांत मनुष्य आपल्या ओळखीच्या प्रत्येकास गुंतवूं लागे. पुढें जो अंदाज चुके तोच नव्या खटल्याची सुरुवात होई.

वैद्यास हा खेळ इतरांहून कठीण. सोनाराचें किंवा दलालाचें वैर पांचदहा माणसांशीं असतें. वैद्य शेंकडों घरांत जातो. कोणाचें मूल त्याच्या हातून दगावलेलें असतें, कोणाकडे त्याचे पैसे थकलेले असतात, कोणाचा स्वतःचा वैद्य त्याच्या येण्यानें बाजूला पडलेला असतो. पथ्य सांगतांना 'डुकराचें मांस खाऊं नका' एवढें म्हटलें तरी नवख्रिस्ती वैद्याच्या तोंडीं त्याचा अर्थ निराळा होऊं शके. आणि रोग्याच्या अंथरुणाशीं बसून बोललेलें वाक्य दहा वर्षांनीं जबानींत आलें तर तें कोणापुढें बोललों हें त्यानें आठवावें तरी कसें?

पहिला वैद्य जेरोनिमु दियश याच्या वेळीं गोव्यांत इन्क्विझिशन नव्हतेंच. त्याची हकीकत गास्पार कुर्रैय यानें आपल्या 'लेंदश द इंदिय' ह्या बखरींत दिली आहे. ही बखर तीन शतकें हस्तलिखितांतच पडून होती. लिस्बन येथें ती छापून निघाली १८५८ ते १८६६ च्या दरम्यान. दियश हा वैद्यकांतील पदवीधर व नवख्रिस्ती. मित्रमंडळींत बोलतांना धर्माविरुद्ध कांहीं बोलला असा त्याच्यावर आळ आला. गोव्याचा पहिला बिशप जुवांव द आल्बुकेर्के यानें चौकशी चालवून त्याला दोषी ठरविलें. जिवंत जाळण्याची शिक्षा झाली. शेवटीं त्यानें पश्चात्ताप दाखविल्यावर आधीं गळा आवळून मग देह जाळण्यांत आला. गव्हर्नर त्या वेळीं मार्तीं आफोन्सु द सोझ, म्हणजे ओर्ताचा आश्रयदाता. ज्या शहरांत ओर्ता वैद्यकी करीत होता त्याच शहरांत त्याच्याच धंद्याच्या व त्याच्याच जमातीच्या माणसाची ही गत झाली. ओर्ताच्या ग्रंथांत ह्या प्रसंगाचा एक शब्दहि नाहीं. तो असता तरच नवल.

त्यानंतर १५४६ त सेंट फ्रान्सिस झेव्हियरनें राजास पत्र लिहून गोव्यांत इन्क्विझिशन मागितलें. १५५७ त कोचीन येथें चर्चच्या दानपेटींत धर्मनिंदेच्या चिठ्ठ्या सांपडल्या, त्यावरून तेथील व गोव्यांतील अनेक नवख्रिस्त्यांस धरून लिस्बनला पाठविण्यांत आलें. १५६० त आलेइशु दियश फाल्कांव हा पहिला इन्क्विझिटर गोव्यांत उतरला आणि आदिलशाही काळच्या जुन्या वाड्यांत संस्थेचें ठाणें बसलें. गोंयकार लोक त्या वाड्यास 'व्हडलें घर' म्हणत. पोर्तुगीजांच्या लेखणींत त्याचें 'ओर्लें गोर' झालें.

ओर्ता ह्या सर्व काळांत गोव्यांतच होता. त्याची आई व दोन बहिणी लिस्बनांत यहुदी म्हणून कैद भोगून १५४९ च्या सुमारास त्याच्याकडे आल्या होत्या. मुंबईचें बेट त्याला खंडानें मिळालें होतें, आणि तेथील आपल्या एका आंब्यास वर्षांतून दोनदां फळ येतें असें त्यानें मोठ्या कौतुकानें लिहून ठेविलें आहे. मालूपा नांवाच्या हिंदु वैद्याकडून ऐकलेल्या गोष्टीहि तो नांव घेऊन सांगतो. हा सगळा ग्रंथ संवादरूप असून तो १० एप्रिल १५६३ रोजीं गोव्यांत छापून पुरा झाला. कवि कामोंइश याची पहिली छापील कविता त्यांतच आहे. औषध कोणीं दाखविलें, कोणीं सांगितलें, स्वतः पाहिलें कीं ऐकलें, हें हा वैद्य पदोपदीं नोंदवितो. साक्ष कशी द्यावी हें त्याला ठाऊक होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं. १५६७ त क्लुसियस यानें आंटवर्प येथें त्या ग्रंथाचा लॅटिन सारांश काढला व ओर्ताचें नांव युरोपभर झालें. पुढच्या वर्षीं तो वारला.

तो वारला त्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशननें धरलें, आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजीं गोव्यांत तिला जाळण्यांत आलें. मृत वैद्याविरुद्धची साक्ष कैदेंत असलेल्या त्याच्या आप्तांच्या तोंडून आली. त्यांत मेहुण्याची जबानी प्रमुख आहे. ती कोणत्या परिस्थितींत दिली गेली ह्याकडे दुर्लक्ष करतां येत नाहीं. ह्या न्यायालयांत ज्यानें आपल्या सोबत्यांचीं नांवें सांगितलीं नाहींत त्याचा कबुलीजबाब अपुरा ठरे, आणि अपुरा कबुलीजबाब म्हणजे बहुधा मृत्यु. अशा वेळीं मेलेल्या माणसाचें नांव सांगणें हाच सर्वांत निरुपद्रवी मार्ग. जिवंत कोणी त्यांत सांपडत नाहीं, व कबुली मात्र पुरी होते. मेहुणा खोटेंच बोलला असें आमचें म्हणणें नाहीं. त्याची जबानी खरी असती तरी ती हुबेहूब अशीच दिसली असती, आणि खोटी असती तरीहि अशीच. अडचण आहे ती हीच.

मेलेल्या माणसावर खटला चालविण्याचा खटाटोप कां, असें वाचक विचारतील. धर्मद्रोह सिद्ध झाला कीं दोषी माणसाची मिळकत गुन्हा घडल्याच्या दिवसापासून सरकारची होते, असा त्या कायद्याचा सिद्धान्त होता. त्यामुळें वारसांच्या हातीं गेलेलें धनहि परत ओढतां येई, आणि कलंक मुलानातवंडांस चिकटे तो निराळाच. जप्तीचा हा प्रश्न त्याच सुमारास पोर्तुगालांत पुन्हा पेटला होता. राजा सेबास्तियांव यानें १५७७ त आफ्रिकेच्या स्वारीसाठीं नवख्रिस्त्यांकडून मोठी रक्कम घेऊन जप्ती दहा वर्षें बंद ठेवण्याचें वचन दिलें. १५७८ त तो आल्कासर-किबीरच्या रणांत पडला आणि १५७९ त तें वचन रद्द झालें. ४ डिसेंबर १५८० रोजीं ओर्ताचीं हाडें उकरून काढून गोव्यांतील आउतु-द-फेंत जाळण्यांत आलीं. ह्या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. फक्त तारखा शेजारीं ठेवतों.

पुढील तीन शतकें ही गोष्ट जग विसरलें. फिकाल्यु याच्या काउंटानें १८८६ त ओर्ताचें विद्वत्तापूर्ण चरित्र लिहिलें व १८९१ ते १८९५ मध्यें त्याच्या ग्रंथाची उत्तम आवृत्ति काढली. परंतु त्याला ह्या निकालाची वार्ताहि नव्हती. ती उजेडांत आणली ऑगुश्तु द सिल्व्ह कार्व्हाल्यु यांनीं १९३४ त, लिस्बनच्या तोर्रि दु तोंबु दप्तरखान्यांतील कागदांवरून. आणि १९६० त रेव्हा यांनीं ओर्ताच्या कुटुंबाची हकीकत अधिक तपशिलानें मांडली. तेव्हांपासून ओर्ता यहुदी होता हें सिद्ध झालें असें पुष्कळजण लिहितात. येथें थोडें थांबावेंसें वाटतें. आमच्याकडील महजर पहावा. आरंभीं हाजीर मजालसीची नांवनिशीवार यादी असते. साक्षीदार कोण, कोठचा, कोणत्या वतनाचा हें लिहिलेलें असतें. वादी-प्रतिवादींच्या तकरीरा समोरासमोर असतात. हरणारा येजितखत देतो, जिंकणाऱ्यास जयपत्र मिळतें. त्या निवाड्यांतहि पक्षपात होत असे, लांचलुचपत होत असे, आणि दिव्यासारखे प्रकारहि होते. पण आज तो कागद वाचणाऱ्यास कोण कोणाविरुद्ध बोलला हें कळतें, आणि त्यावरून साक्षीची पारख करतां येते. ज्या कागदांत साक्षीदाराचें नांव आरोपीपासून लपविलें गेलें त्यांत त्याचें उत्तर कधींच नोंदलें गेलें नाहीं. आणि ओर्ता तर उत्तर देण्यास जिवंतहि नव्हता. अशा कागदास पुरावा म्हणावयाचें तें फार बेतानें. कुटुंबांत जुना धर्म पाळला जात असावा हें आम्हांसहि संभवनीय वाटतें. परंतु 'सिद्ध' हा शब्द आम्ही वापरणार नाहीं.

जमातीनें आपली मागणी सोडली नाहीं. १६०५ त जाहीर झालेल्या सार्वत्रिक क्षमेसाठीं तिनें सतरा लक्ष क्रुझादु कबूल केले; पण क्षमेनें झालेले खटले संपतात, रीति बदलत नाहीं, हें तिलाहि कळून चुकलें. म्हणून १६७३ त जो प्रयत्न झाला तो वेगळ्या वळणाचा होता. जेझुइट पंडित आंतोनियु व्हिएर याचा त्यास पाठिंबा होता. त्यानें स्वतः पूर्वीं इन्क्विझिशनची कैद भोगली होती. नवख्रिस्त्यांनीं राजास हिंदुस्थानांत फौज पाठविण्याचा व तिचा खर्च सोसण्याचा प्रस्ताव दिला. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षींची ही गोष्ट; गोव्याच्या दरबारास अशा फौजेची किती निकड होती हें मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस ठाऊकच आहे. मोबदल्यांत त्यांनीं मागितलें तें असें कीं, पोर्तुगालच्या इन्क्विझिशननें आपली रीति सोडून रोमच्या इन्क्विझिशनची रीति घ्यावी. ३ ऑक्टोबर १६७४ रोजीं पोप दहावा क्लेमेंट यानें पोर्तुगालच्या इन्क्विझिशनचें काम तहकूब केलें. पुढच्या पोपनें, अकराव्या इनोसंटनें, नमुन्यादाखल कांहीं खटल्यांचे मूळ कागद रोमला मागविले. इन्क्विझिटरांनीं तीं दप्तरें देण्याचें वर्षानुवर्षें नाकारलें. वाद खरोखर मिटला असता तो त्या दप्तरांनींच. १६८१ त संस्था पुन्हा सुरू झाली.

ही तहकुबी चालू असतां गोव्याच्या व्हडल्या घरांत तिसरा एक वैद्य कोठडींत होता. हा शार्ल देलाँ, फ्रेंच, जन्मानें कॅथलिक, नवख्रिस्ती नव्हे. तो दमणास वैद्यकी करीत असे. बाप्तिस्म्याविषयीं एक वाद, दानपेटीवरील चित्राचें चुंबन न घेणें, रक्तमोक्षाच्या वेळीं रोग्याजवळील हस्तिदंती मूर्तीविषयीं काढलेले शब्द, असल्या गोष्टींवरून २४ ऑगस्ट १६७३ रोजीं त्याला धरलें. आपण होऊन तो आधींच दमणच्या कमिसारीपुढें जाऊन सर्व सांगून आला होता, त्याचा उपयोग झाला नाहीं. वसईवरून १६७४ च्या जानेवारींत त्याला गोव्यास नेलें. तुझा गुन्हा तूंच आठवून सांग, असें त्याला वारंवार बजावण्यांत आलें. निराशेनें तो जिवावर उदार झाला तेव्हां त्याच्या उपचारासाठीं पाठविलेला वैद्य हिंदु पंडित होता. म्हणजे त्या घराच्या कैद्यांवर भरंवशानें इलाज करण्यास हिंदु चालत असे! १२ जानेवारी १६७६ च्या आउतु-द-फेंत त्याला मालमत्तेची जप्ती, हिंदुस्थानांतून हद्दपारी व पोर्तुगालांत पांच वर्षें गलबतावरील सक्तमजुरी अशी शिक्षा झाली. लिस्बनांत पोहोंचल्यावर त्याचा स्वतःचा अर्ज फेटाळला गेला. अखेर राणीच्या पदरीं असलेल्या एका फ्रेंच वैद्यानें रदबदली केली आणि १६७७ च्या जूनमध्यें तो सुटला. जें नवख्रिस्त्यांच्या आख्ख्या जमातीस पैसा व पोप दोन्ही हाताशीं असतां साधलें नाहीं तें एका वैद्यासाठीं दुसऱ्या स्वदेशीय वैद्याच्या शब्दानें साधलें. ह्यांत न्यायाचा संबंध नव्हता. तो वशिला होता.

देलाँचें पुस्तक १६८७ त लायडन येथें व पुढच्या वर्षीं पॅरिस येथें निघालें. गोव्याच्या संस्थेचा आंतील कारभार कैद्यानें सांगितलेला असा तपशीलवार वृत्तान्त दुसरा नाहीं. विशेष म्हणजे त्यानें आपल्याच दुःखाची कथा न सांगतां नवख्रिस्त्यांच्या कोंडीवरहि पानें खर्चिलीं आहेत. न पाहिलेल्या साक्षीदारास ओळखण्याच्या नादांत ते कसे परस्परांस गोवीत जातात, हें त्यानें नीट उलगडून दाखविलें आहे. १८०८ त क्लॉडियस बुकॅनन गोव्यास आला तो हें पुस्तक बरोबर घेऊन. त्यानें तें तेथील एका इन्क्विझिटरास वाचावयास दिलें. वर्णन सामान्यतः खरें आहे, पण हेतूंविषयीं ग्रंथकाराचा गैरसमज आहे, असें त्या गृहस्थाचें उत्तर बुकॅनननें नमूद केलें आहे. कैद्यांस भेटूं द्या, ही त्याची विनंति मात्र मान्य झाली नाहीं. अनंत काकबा प्रियोळकर यांनीं आपल्या १९६१ च्या ग्रंथांत देलाँ व बुकॅनन ह्या दोघांचेहि वृत्तान्त पुनः छापले असल्यानें ते आतां आपल्याकडे सहज मिळतात. देलाँच्या वृत्तान्ताची चिकित्सक फ्रेंच आवृत्ति आमिएल व लिमा यांनीं १९९७ त पॅरिस येथें काढली.

गोव्याचें इन्क्विझिशन १७७४ त बंद झालें, १७७८ त पुन्हा उघडलें व १८१२ त कायमचें मोडलें. त्यानंतर तेथील दप्तराचा फार मोठा भाग जाळून टाकण्यांत आला. जें उरलें तें प्रायः परदेशीं गेलेलें. जुवांव देल्गादु फिगैर यानें १६२३ त केलेली खटल्यांची सूचि लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. तींत १५६१ पासूनच्या सुमारें ३,८०० खटल्यांची नोंद आढळते. इन्क्विझिटरांचा पत्रव्यवहार रियु द जानेइरु येथें पोहोंचला, व त्यांतील १५६९ ते १६३० पर्यंतचीं पत्रें आंतोनियु बाइयांव यांनीं १९३० त छापलीं. सूचींत आरोपीचें नांव, गांव, गुन्हा व शिक्षा हीं आहेत. साक्षीदारांचा रकाना तींत नाहीं.